कडा संपला तरी कोल्हा लगेच पडत का नाही?

अर्धाकप
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

रविवारी सकाळी पोहे करत होते आणि कन्या (वय ७, दुसरीत) बाहेर रोडरनर लावून बसली होती. तेच जुनं, तो पक्षी बीप बीप करत पळतो आणि तो कायोटी, आमच्याकडे त्याला कोल्हाच म्हणतात, त्याच्या मागे. तर कोल्हा कड्यावरून सुसाट पुढे गेला, हवेत धावत राहिला, थांबला, पायाने खाली चाचपलं, आपल्याकडे केविलवाणं बघितलं आणि मग गेला खाली. कन्या स्वयंपाकघरात येऊन विचारते, "आई, तो खाली बघेपर्यंत पडत का नाही?" मी कढईतून डोकं वर न काढता म्हटलं, अगं कार्टून आहे ते, त्यात काहीही होतं. दोन मिनिटांनी परत आली. "काहीही होतं तर मग नंतर तरी का पडतो?"

गॅस बंद केला हो मी. कारण प्रश्न बरोबर आहे. काहीही होत असतं तर तो कधी वर गेला असता, कधी तिथेच घर बांधून राहिला असता. पण नाही, दर वेळी पडतोच आणि दर वेळी कळल्यावरच पडतो. टॉमच्या तोंडावर तवा बसला की तोंड तव्यासारखं गोल, दर वेळी. भिंतीतून आरपार गेला की भोक हुबेहूब त्याच्या आकाराचं, मिशांसकट. म्हणजे सगळं ठरलेलं आहे. हे कोणी ठरवलं आणि आपल्याला न शिकवता कसं कळतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा, अजाणत्यांनी पण टाकावा.

रिकामाबाक
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश लिहितो.

खमंगकाकडी
आधी सांगा पोहे लागले का खाली?

आमच्याकडे ते भिंतीतल्या भोकाचं प्रकरण प्रत्यक्ष झालंय. चिरंजीव पाच वर्षांचे असताना बाल्कनीच्या मच्छरदाणीच्या दारातून धावत गेले, जाळी फाटली. रडायच्या आधी मागे वळून त्याने भोक बघितलं आणि मग रडला, कारण भोक त्याच्या आकाराचं नव्हतं, नुसतीच कोपऱ्यातून लोंबत होती जाळी. घोर निराशा.

मास्तर_तालुक्याचे
अर्धाकप, प्रश्न तुमच्या लेकीचा आहे पण उत्तर माझ्या अकरावीच्या वर्गात दरवर्षी मिळतं. मी जूनमध्ये फळ्यावर एक टेबल काढतो, त्यावरून घरंगळत येणारी गोटी काढतो आणि म्हणतो, टेबल संपल्यावर पुढचा रस्ता वहीत काढा. काही जण बरोबर वक्र रेषा काढतात. पण दर वर्षी पाचसहा पोरं अशी निघतात की गोटी आधी सरळ पुढे, मग थोडंसं वळण, मग धाडकन खाली. दोनेक महाभाग तर चक्क काटकोन काढतात. म्हणजे तुमच्या कोल्ह्याचाच रस्ता. विचारलं की म्हणतात, सर आधी जोर असतो ना, जोर संपला की पडते.

यात पोरांना हसू नये. मायकेल मॅक्लॉस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना असेच प्रश्न विचारले होते, सायंटिफिक अमेरिकनमध्ये १९८३ साली त्याचा लेख आहे, तिथेही हेच निघालं. आणि हे 'जोर संपला की पडतं' प्रकरण एकेकाळी मोठ्या विद्वानांचं मत होतं. चौदाव्या शतकात पॅरिसला ज्याँ ब्युरिदाँ नावाचा पंडित होता, तो म्हणायचा की फेकणारा माणूस वस्तूत एक प्रकारचा जोर भरतो आणि त्यावर ती चालते. त्यानंतरच्या तोफखान्याच्या जुन्या पुस्तकांत गोळ्याचे मार्ग काढलेत ते बघा, तिरका सरळ वर, जरा वळण, मग उभा खाली. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात पॅराबोला, म्हणजे तीच बरोबर वक्र रेषा, दाखवला तेव्हा कुठे हे मिटलं, तेही कागदावर. आपल्या पोटातून ते गेलेलंच नाही. पुढे जाणं आणि खाली पडणं ही दोन कामं एकाच वेळी चालू असतात हे शिकवावं लागतं, उपजत कळत नाही. म्हणून कोल्हा हवेत धावला तर आपल्याला तो मूर्ख वाटतो पण दृश्य चुकीचं वाटत नाही.

रिकामाबाक
म्हणजे कोल्हा अकरावी सायन्सला मास्तरांच्याच वर्गात होता. रुमाल उचलला, माझं झालं लिहून.

सोनचाफा_कुडाळ
अवांतर आहे पण राहवत नाही. कायोटीला कोल्हा म्हटल्याबद्दल कोणीतरी येऊन टोकणार त्याआधीच सांगते, काही चुकलं नाहीये. आपला कोल्हा म्हणजे जॅकल, आणि इंग्रजीतला फॉक्स म्हणजे खोकड. कायोटी हा लांडगा-कोल्ह्याच्याच कुळातला, खोकडापेक्षा कोल्ह्यालाच जवळचा.

आणि तो रोडरनर कोण माहितीये का? कोकिळेच्या कुटुंबातला पक्षी आहे तो, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा लांबचा भाऊ! भारद्वाज पण बघा, उडायचा कंटाळा, कुंपणाखालून तुरुतुरु चालणार. आमच्याकडे सकाळी तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. कोल्ह्याला रोज दिसतो, तरी बिचाऱ्याचा दिवस काही सुधारत नाही.

खरी गंमत वेगाची आहे. रोडरनर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पळतो आणि कायोटी त्याच्या दुप्पट. म्हणजे खऱ्या वाळवंटात ही मालिका पहिल्या भागाच्या पहिल्या मिनिटात संपली असती.

निळूभाऊ_मिशिगन
काय चाललंय काय मंडळी. विनोदाचं पोस्टमॉर्टेम करायला बसलात तर हातात मढंच येणार. ते कार्टून आहे, चित्र काढणाऱ्याला वाटलं हवेत ठेवावं, ठेवलं. नियम बियम काही नसतात. उद्या तुम्ही टोमण्याचंही बीजगणित मांडाल.

पेन्सिलतासणी
निळूभाऊ, थांबा थांबा. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे हा, मी बारा वर्षं ॲनिमेशनमध्ये आहे, आधी पुणे आणि आता गोरेगाव. नियम असतात आणि ते न पाळल्याबद्दल ओरडा पण बसतो.

आम्हाला पहिल्या आठवड्यात एकच काम असतं, उड्या मारणारा चेंडू काढा. जमिनीवर आपटला की चपटा, वर उडताना लांबट, सगळ्यात वर पुन्हा गोल. याला स्क्वॉश अँड स्ट्रेच म्हणतात. यातली मेख अशी की चपटा केलात तर रुंद झालाच पाहिजे, लांब केलात तर बारीक झालाच पाहिजे. आतला ऐवज तेवढाच राहिला पाहिजे. हे चुकलं की चेंडू फुगा वाटतो किंवा पाघळल्यासारखा वाटतो आणि कोणी हसत नाही. मग चेंडूच्या जागी पिठाचं पोतं देतात, की यालाच उदास करा, यालाच उडी मारायला लावा, हातपाय तोंड काही न काढता. डिझनीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन म्हाताऱ्यांनी १९८१ च्या पुस्तकात अशी बारा तत्त्वं लिहून ठेवलीत, आमची ती बाराखडीच. टॉमचं तोंड तव्यासारखं होतं तेव्हा हेच चालू असतं, फक्त चेंडूचं जे एका क्षणात परत गोल होतं ते टॉमचं दोन सेकंद तसंच ठेवतात, आपल्याला नीट बघता यावं म्हणून.

आता कोल्ह्याचं. रोडरनर आणि कायोटी चक जोन्स आणि मायकेल माल्टीज यांनी १९४९ साली आणले. जोन्स पडण्याच्या बाबतीत भयंकर काटेकोर होता. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. कोल्हा कड्यावरून सुटला की तो दिसेनासा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर खाली धुळीचा लोट उठायला १४ फ्रेम, असा त्याचा हिशेब होता. तेरावर हसू येत नाही, पंधरावर पण नाही, असं तो सांगायचा. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग हो! आणि तुम्ही म्हणताय वाटलं म्हणून ठेवलं.

बाकावरचातिसरा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मास्तर_तालुक्याचे
पेन्सिलतासणी ताई, काय आकडा दिलात! जेवण सोडून गणित केलं.

१८ + १४ = ३२ फ्रेम, भागिले २४, म्हणजे १.३३ सेकंद. एवढ्या वेळात खरी वस्तू किती पडेल, तर साधारण पावणेनऊ मीटर. म्हणजे तीन मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून. आणि चित्रात दरी केवढी असते? नदी दोऱ्यासारखी दिसते खाली. समजा ४०० मीटरचा कडा धरला, आपल्या सह्याद्रीतला एखादा, तर हवेचा विरोध सोडून दिला तरी नऊ सेकंद लागतील. नऊ सेकंद मोजून बघा मनात. एक... दोन... तीन... चारपर्यंत प्रेक्षक मोबाईल काढेल. म्हणजे गुरुत्वाकर्षण सुरुवातीला सुट्टीवर असतं ते खरं, पण एकदा कामावर आलं की थकबाकीसकट वसूल करतं.

निळूभाऊ_मिशिगन
बरं, चौदा फ्रेमचं पटलं, तो कारागिरीचा भाग झाला. पण त्याला फिजिक्स का म्हणायचं? फिजिक्स सगळ्यांना सारखं लागू असतं. पहिल्याच भागात कोल्हा खडकावर बोगदा रंगवतो. खोटा, नुसता रंग. रोडरनर येतो आणि त्या रंगातून आरपार निघून जातो. मग कोल्हा धावत जातो आणि खडकावर आपटतो. एकाच खडकाचे एका मिनिटात दोन नियम? हा नियम नाही, हा पक्षपात आहे.

ॲडव्होकेट_शिरा
पक्षपात हाच नियम असेल तर तो सातत्याने लागू झाल्याने नियमच ठरतो, मिलॉर्ड.

हलकेच घ्या. पण आमच्या धंद्याचा एक किस्सा आहेच. बग्ज बनीच्या १९४९ च्याच एका कार्टूनात तो उंच मचाणाच्या फळीच्या टोकावर उभा असतो, तो लालमिश्या सॅम करवतीने फळी कापतो, आणि फळी जागेवर राहून सॅमसकट सगळं मचाण खाली जातं. बग्ज आपल्याकडे वळून म्हणतो की हे गुरुत्वाकर्षणाच्या 'लॉ'च्या विरुद्ध आहे खरं, पण मी लॉ कुठे शिकलोय. मी शिकलोय म्हणून मी पडतो, गेल्याच महिन्यात कोर्टाच्या पायऱ्यांवरून.

पेन्सिलतासणी
हसून हसून पुरेवाट!! शिरा, कंबर ठीक आहे ना?

निळूभाऊ, बोगद्याचा मुद्दा भारी काढलात, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. समजा रोडरनर कधी आपटला असता आणि कोल्हा कधी आरपार गेला असता, आलटून पालटून, तर? दोन भागांत लोक बघायचे थांबले असते. आपण हसतो कारण आपल्याला आधीच माहीत असतं की हा आपटणार. फक्त कसं ते माहीत नसतं. जोन्सने आत्मचरित्रात या मालिकेचे नियम दिलेत, रोडरनर कोल्ह्याला बीप बीप करण्यापलीकडे काही इजा करणार नाही, रोडरनर रस्ता सोडणार नाही, सगळं सामान ॲक्मी कंपनीचंच, आणि जमेल तिथे गुरुत्वाकर्षण हाच कोल्ह्याचा सगळ्यात मोठा शत्रू. एकदम संविधान!

शंकेखोर
+१ पण एक खोट आहे. मायकेल माल्टीज, म्हणजे ज्याने त्या गोष्टी लिहिल्या तो, त्याला एका मुलाखतीत त्या नियमांबद्दल विचारलं तर म्हणाला मी तर असं काही ऐकलंच नव्हतं. म्हणजे नियम आधी की कार्टून आधी? मला वाटतं हे व्याकरणासारखं आहे. आजी शुद्ध मराठी बोलायची, तिला विभक्ती कुठे येत होत्या.

आणि अर्धाकप, तुमच्या कन्येचा प्रश्न जसाच्या तसा छापून आलाय, १९८० मध्ये एस्क्वायर मासिकात. मार्क ओ'डॉनेल नावाच्या विनोदी लेखकाने कार्टूनमधल्या गतीचे नियम गंभीर चेहऱ्याने मांडले होते आणि पहिला नियम हाच, हवेत लटकलेल्या वस्तूला आपली अवस्था कळेपर्यंत ती लटकलेलीच राहते. भिंतीतल्या आकाराच्या भोकाचा नियम पण आहे त्यात. म्हणजे न्यूटनने सफरचंद बघून लिहिलं तसं याने आधी कार्टून बघून मग लिहिलं.

खमंगकाकडी
'अवस्था कळेपर्यंत' वाचून आमच्या सोसायटीची कमिटी डोळ्यासमोर आली. चार वर्षं हवेत चालतेय, कोणी खाली बघायला तयार नाही.

बेसूरबासरी
कोणी आवाजाबद्दल बोललंच नाही! पडताना ती शिट्टी वाजते ना, वरच्या सुरातून खाली खाली जाणारी, आत दांडी सरकवायची शिट्टी असते, जत्रेत मिळायची तसली. ती चक्क बरोबर आहे. वस्तू आपल्यापासून लांब जात असली की तिचा सूर उतरतो, डॉप्लर इफेक्ट. लांब जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा उतरतो तसाच. आपण कड्याच्या वर उभे, कोल्हा खाली चाललाय, सूर उतरायलाच हवा. दरीच्या तळाशी उभं राहिलो तर उलट चढत येईल.

फक्त किती उतरतो ते कोणी काढेल का? मला गणित येत नाही, मी गाण्यातली.

मास्तर_तालुक्याचे
काढलं. तुमच्या त्या १.३३ सेकंदाच्या शेवटी त्याचा वेग सेकंदाला १३ मीटर, म्हणजे सूर जेमतेम पावणेचार टक्के उतरेल.

बेसूरबासरी
फक्त? सा पासून कोमल रे चं अंतर सहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एक स्वर पण पुरता उतरला नाही! आणि शिट्टी तर सप्तक-दीड सप्तक खाली येते.

मास्तर_तालुक्याचे
पूर्ण सप्तक उतरवायचं तर कोल्ह्याला ध्वनीच्या वेगाने पडावं लागेल, सेकंदाला ३४० मीटर. त्यासाठी हवा नसलेल्या दरीत ३५ सेकंद पडायचं. आणि हवा नसली तर शिट्टी ऐकू येणार नाही.

रिकामाबाक
मास्तर, तुमचा संसार कसा चाललाय?

मास्तर_तालुक्याचे
मी अजून खाली बघितलेलं नाही.

गोठ्यातलाडॉक्टर
व्हेट आहे, टॉमतर्फे बोलतो. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली होती, त्यातली ९० टक्के वाचली. मांजर हवेत अंग वळवून पायावर येतं, मग पाय पसरून छत्रीसारखं होतं, वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही. पण यात एक गोम आहे, जी जागीच गेली ती दवाखान्यात आणलीच नसतील, त्यामुळे आकडा गोड दिसतो. माझ्याकडे येतात त्यांचे जबडे आणि पाय मोडलेले असतात. तेव्हा फ्लॅटमध्ये मांजर असेल तर खिडकीला जाळी लावा. टॉमला परत एकसंध होता येतं, तुमच्या मनीला नाही.

टीव्हीसमोरचा_९५
जाळीवरून आठवलं, आमच्याकडे ९५ साली केबलवाल्याने कार्टून नेटवर्क दिलं तेव्हा वाड्यातली अकरा पोरं एका खोलीत. रात्री त्याच चॅनेलवर इंग्रजी जुने सिनेमे लागायचे, टॉम गायब आणि एकदम काळी-पांढरी बाई रडतेय. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, पण टॉम अँड जेरीला भाषाच नको. सात ऑस्कर आहेत त्यांच्या नावावर, हॅना आणि बार्बेराच्या काळातले. आत्ताच्या पोरांना काय त्याचं.

शंकेखोर
आत्ताची पोरं पण तेच बघतायत की. धागाच सात वर्षांच्या मुलीवरून निघालाय.

अभयारण्य_नको
सगळं छान पण तवा, हातोडा, डायनामाइट हे बघून मुलं हाणामारी शिकतात त्याचं काय? माझ्या भाच्याने धाकट्याच्या डोक्यात लाटणं घातलं. टेंगूळ आलं, पण कार्टूनसारखं लाल वर येणारं नाही, खरं.

पेन्सिलतासणी
हा वाद मोठा आहे, वेगळा धागा काढा प्लीज. एवढंच म्हणेन की जिथे मार खराखुरा वाटू लागतो तिथे विनोद मरतो, म्हणूनच ते इतकं लवचिक ठेवतात. रक्त दाखवलं की संपलं.

आणि हे कॉम्प्युटरवर जास्त कळतं. सॉफ्टवेअरला गुरुत्वाकर्षण आपोआप येतं, आकडा टाका ९.८, वस्तू अगदी बरोबर पडते. आणि इतकी कंटाळवाणी दिसते! एका जाहिरातीसाठी क्लायंटने (कोण ते विचारू नका) सांगितलं की हत्ती जिन्यावरून पडताना सिम्युलेशन वापरा, रिअल वाटेल. वाटलं रिअल. खोलीत एकदम शांतता, मागून कोणीतरी म्हणालं अरेरे. मग रात्रभर बसून हाताने केलं, पहिल्या पायरीवर हत्ती क्षणभर थबकतो, सोंडेने कठडा शोधतो, मग गडगडतो. सकाळी सगळे हसले. वजन तेच, जिना तोच. फक्त त्याला कळायला वेळ दिला.

तळ्यातलाबगळा
तुम्ही सगळे खऱ्या जगात असं होत नाही असं धरून बोलताय. होतं! स्लिंकी माहितीये ना, ती प्लास्टिकची रंगीत स्प्रिंग, पायऱ्या उतरणारी. ती वरचं टोक धरून लोंबकळत सोडा, पूर्ण ताणली गेली की हात सोडा आणि मोबाईलवर स्लोमोशनमध्ये घ्या. खालचं टोक हवेत जिथल्या तिथे थांबतं!! वरचे वेढे खाली येऊन आदळेपर्यंत हलत नाही. वरून हात सुटलाय ही बातमी खाली पोचायला वेळ लागतो. कोल्हाच आहे तो. फक्त उलटा, कोल्ह्याचं धड आधी जातं, मान रबरासारखी ताणत जाते आणि तोंड शेवटी, इथे डोकं आधी येतं आणि पाय थांबतात.

मास्तर_तालुक्याचे
वा बगळेराव! फक्त बातमीसोबत एक गोष्ट जोडतो, खालच्या टोकाला वरच्या वेढ्यांची ओढ आणि स्वतःचं वजन बरोबर तोललेलं असतं, ती ओढ कमी झाल्याशिवाय ते का पडेल? संपूर्ण स्प्रिंगचा गुरुत्वमध्य मात्र पहिल्या क्षणापासून इमानेइतबारे पडत असतो. तिथे काही सूट नाही.

सोनचाफा_कुडाळ
मग नाणेघाट राहिला की! पावसाळ्यात तिथे धबधबा उलटा वर येतो. कोकणातून वारा कड्यावर येऊन आदळतो आणि खाली पडणारं पाणी उचलून तोंडावर मारतो. मी छत्री उघडली, तिचा डांब हातात राहिला आणि कापड वर गेलं. त्या क्षणी मी नक्की कॅमेऱ्याकडे बघितलं असणार.

टीव्हीसमोरचा_९५
आणि दूरदर्शनचं 'एक अनेक और एकता' विसरलात? विजया मुळ्यांची ती १९७४ ची फिल्म. सगळे पक्षी जाळ्यासकट उडतात. तेव्हा कोणी विचारलं नाही बरं जाळ्याचं वजन किती.

निळूभाऊ_मिशिगन
मी परत आलो. काल नातवाला 'रॉजर रॅबिट' दाखवला, झेमेकिसचा १९८८ चा, खरी माणसं आणि कार्टून एकत्र असलेला. त्यात ससा आणि डिटेक्टिव्ह एकाच बेडीत अडकलेले असतात, डिटेक्टिव्ह जीव खाऊन करवतीने बेडी कापत असतो, तेवढ्यात ससा सहज हात बाहेर काढून टेबल धरतो. तो चिडून विचारतो, म्हणजे तुला कधीही हात काढता येत होता? ससा म्हणतो, कधीही नाही, हसू येईल तेव्हाच.

मी इथे काय लिहिलं होतं ते आठवलं आणि गप्प बसलो. नियम आहे, मान्य. पण मास्तर, तो तुमच्या पुस्तकातला नाही, नियम सशाने सांगितला तोच.

मास्तर_तालुक्याचे
निळूभाऊ, अर्धं मान्य. पण ससा हात काढतो तेव्हा हसू येतं कारण तोवर बेडी खरी होती, करवत खरी होती, कपाळावरचा घाम खरा होता. न्यूटन नसता तर सशाला मोडायला काय उरलं असतं?

निळूभाऊ_मिशिगन
हे जरा विचार करून सांगतो. इथे रात्रीचे दोन वाजलेत.

अर्धाकप
बाई बाई, कुठून कुठे गेला धागा. सगळ्यांना धन्स. काकडी, पोहे लागले होते.

अपडेट. पेन्सिलतासणी ताईंचा फ्रेमचा प्रतिसाद वाचून मी कन्येला वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून भरभर पानं उलटायचं शिकवलं. तिने कडा काढला, काडीचा माणूस काढला, माणूस चालत येतो, कडा संपतो, पडतो. उलटून बघितलं आणि म्हणाली, मजा नाही आली. मी काही बोलले नाही (पहिल्यांदाच आयुष्यात). मग ती बसली आणि मधल्या पानांवरचा पडणारा माणूस खोडून तिथे हवेत नुसता उभा असलेला माणूस काढला. नऊ पानं, एकसारखा. शेवटच्या पानावर फक्त डोळ्याचे ठिपके खाली सरकवले. आणि मग पाडला. उलटलं, आणि स्वतःच लोळून हसली, नंतर बाबाला दाखवलं, आजीला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं.

तिला परत विचारलं, आता सांग का नाही पडत तो लगेच? म्हणाली, "मी नऊ पानं काढली ना म्हणून."

पेन्सिलतासणी
अगं नऊ??? बरोबर आहे तिचं! हाताने उलटताना सेकंदाला दहाबारा पानं जातात, म्हणजे पाऊण सेकंदाच्या वर थांबला तो. तिला सांगा डोळे खाली गेल्यावर अजून दोन पानं तसंच ठेव आणि पडायच्या आधी एका पानावर माणूस किंचित वर उचल. किंचितच. बघ काय होतं ते. आणि पाठव माझ्याकडे दहा वर्षांनी.

शंकेखोर
वहीच्या कोपऱ्यात म्हणजे कुठल्या वहीच्या? गणिताच्या?

अर्धाकप
गणिताच्याच हो. शनिवारी तपासून आली, लाल पेनने शेरा आहे 'वही स्वच्छ ठेवावी'. पण तो बरोब्बर शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आलाय, दरीच्या तळाशी. आता तो माणूस शेऱ्यावर पडतो.